फिल्टरला शिवलेली खोळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या माहेरी दोन आरोपी होते. एक, बाबांची जुनी डिझेल गाडी. दुसरा, बाबांचा डावा पाय. गाडी धक्के खात होती, चढावर ओढत नव्हती, मधेच बंद पडत होती, आणि हे नेमकं कोणामुळे यावर घरात दोन पक्ष पडले होते. पुण्यात राहणारा माझा भाऊ पायाच्या विरोधात होता. बाबा अर्थातच गाडीच्या विरोधात. आई त्या त्या दिवशी जो कमी बोलेल त्याच्या बाजूने असायची. राहिले मी. माझं सासर पवनीतच, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे तिथली भांडणं मला घरपोच मिळतात.

भावाने फोनवर निकालही देऊन टाकला होता. संक्रांतीला तो येणार आणि जाताना गाडी विकून जाणार. ‘बाबांचं वय झालं आता, त्यांनी घरी बसून आराम करावा,’ असं त्याचं म्हणणं. ते ऐकून बाबांनी फोन आईच्या हातात दिला, चप्पल घातली आणि गाडी पुसायला गेले.

नुसती गाडी असती तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे, विका. पण बाबांचा धंदा हातमागाच्या कापडाचा. अड्याळला, आसगावला आणि आजूबाजूच्या गावांत त्यांचे थोडेफार विणकर अजून उरले आहेत. बाबा त्यांना सूत नेऊन देतात, विणलेलं कापड घेऊन येतात, एकाकडे चहा पितात, दुसऱ्याकडे पान खातात आणि तिसऱ्याशी किनारीच्या रंगावरून भांडतात. गाडी गेली की हे सगळं जाणार आणि बाबा ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘काय म्हणते?’ विचारणारे म्हातारे होणार. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. भावाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण पुण्याहून ते बारीक दिसतं.

पायावर आळ आला तो आसगावच्या वाटेवर, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावर. चढावर गाडी थांबली ती थांबलीच. मागे धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे आणखी दोन-चार गाड्या. शेवटी लोकांनी उतरून गाडी ढकलली, आणि ढकलायचं सोडून एकाने व्हिडिओ काढला. आमच्याकडून पुण्याला माणूस जायचा म्हणजे एक रात्र मोडते. व्हिडिओ मात्र बाबा घरी पोचायच्या आत पोचला.

‘अगं, नीट बघ ना,’ भाऊ मला फोनवर म्हणाला, ‘बाबा क्लच कसा सोडतायत ते बघ.’

‘व्हिडिओत गाडीचं बूड आहे अन् ढकलणारे लोक आहेत. तुले क्लच कुठून दिसला?’

‘गाडीच्या हलण्यावरून कळतं.’

‘हाव का? मग डॉक्टर काहून नाही झाला तू?’

त्याने फोन ठेवला. मला बरं वाटलं. अर्थात थंडीत बाबांचा डावा गुडघा धरतो, हे मलाही माहीत होतं. ओसरीच्या पायऱ्या चढताना ते आधी उजवा पाय टाकतात आणि डावा मागून ओढून घेतात. विचारलं तर म्हणतात, पायऱ्याच उंच बांधल्या. पायऱ्या त्यांच्या वडिलांच्या वेळच्या आहेत.

पहिल्यांदा गाडी भंडारा रोडवरच्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याची तपासायची पद्धत सगळ्या गाड्यांना एकच. बोनेट उघडायचं, लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे उघडले की काहीतरी बदलायचं. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला, गाडी तशीच. बॅटरीची तार काढून पुन्हा लावली, समोरचा पिवळा दिवा विझला, त्याने दुरुस्ती झाल्याचं जाहीर केलं. घरी येईपर्यंत दिवा परत लागला होता. तिसऱ्या खेपेला तो हात पुसत म्हणाला, ‘काकाजी, आता म्हातारी झाली ना.’

‘गाडीले म्हणून राह्यला का मले?’ बाबांनी विचारलं.

त्याने बोनेट लावून टाकलं. त्यानंतर बाबांनी त्या गॅरेजसमोरून जाताना तिकडे पाहणं सोडून दिलं.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स मशीनएवढी खोटारडी वस्तू मी पाहिली नाही. आत कागदाचा कपटा नसतो आणि मशीन कागद अडकला म्हणून बोंबलत राहतं. दार उघडा, पाहा, बंद करा, पुन्हा तीच बोंब. आत एक बोटभर सेन्सर असतो, त्याच्यावर धूळ बसली की त्याला कागद दिसायला लागतो. तो सांगेल ते मशीनला खरं, समोर उभी असलेली मी खोटी. एक दिवस असंच मशीनशी भांडता भांडता माझ्या डोक्यात आलं, गाडीतही असलाच एखादा चुगलखोर बसला असेल तर?

मग दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर तेच पाहत बसले. कळलं ते असं. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा एक सेन्सर हवेच्या नळीत बसवलेला असतो. त्याच्या पोटात तापलेली बारीक तार असते. हवा जास्त गेली की तार जास्त गार होते, त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर हवेचा हिशोब लावतो आणि त्या मानाने डिझेल सोडतो. सेन्सरने हवा कमी सांगितली की डिझेलही कमी मिळतं. मग पाय कितीही दाबा, गाडी उपाशी.

स्टिअरिंगच्या खाली खोचायचं आणि फोनवर आकडे दाखवायचं एक यंत्र मी मागवलं. आईने विचारलं, ‘हे काय होय वं?’ म्हटलं, ‘गाडीचा ईसीजी.’ आईने समजल्यासारखी मान हलवली आणि बाबांचाही काढून घे म्हणाली.

रविवारी सकाळी दारात गाडी उभी केली. हॅन्डब्रेक ओढून बाबा स्टिअरिंगवर, मी बाजूला फोन घेऊन. ‘दाबा,’ म्हटलं. बाबांनी दाबलं. आकडा जरासा सरकला. ‘अजून दाबा.’ इंजिन एवढं ओरडलं की समोरच्या घरातलं माणूस दात घासता घासता बाहेर आलं. आकडा मात्र जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा पडून होता. एवढ्या ओरडण्याला त्याने चांगलं दुप्पट-तिप्पट चढायला पाहिजे होतं.

पण मशीनशी भांडून भांडून मी एक शिकले आहे. पहिल्या संशयिताला लगेच फासावर द्यायचं नाही. सेन्सरच्या पुढे नळी फाटली असली तरी आकडा खोटाच येतो, म्हणून बोनेट उघडून नळी सगळीकडून चाचपली. चीर नव्हती, पट्ट्या घट्ट होत्या. सॉकेटच्या पिना पाहिल्या, स्वच्छ होत्या. मग खरी परीक्षा. इंजिन बंद करून सेन्सरचं सॉकेटच उपसून ठेवलं. सेन्सर नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर आपल्या अंदाजाने डिझेल देतो. त्याला काढल्यावर गाडी सुधारली, तर चोर तोच.

मी चालवायला बसले, बाबा बाजूला. अड्याळच्या रस्त्याला लागून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी अशी निघाली की बाबांनी वरचं कडं धरलं. पिवळा दिवा लागलेला होता, पण दिव्याकडे पाहतंय कोण. बाबांचा चेहरा असा फुलला की मला हसू आवरेना. ‘पाह्य,’ ते म्हणाले, ‘मी कवापासून सांगून राह्यलो.’ आणि तिथेच भावाला फोन लावला, स्पीकरवर.

‘तुह्या बापाचा पाय नोहे तो. हवेचा सेन्सर होय.’

‘कोण म्हणालं?’

‘गाडीच म्हणाली. आता अशी पळून राह्यली का विचारू नको.’

मग भाऊ म्हणाला, ‘पण बाबा, आत्ता चालवतंय कोण?’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ‘आवाज येऊन नाही राह्यला,’ म्हणून फोन बंद केला.

आता सेन्सर काढून पाहायचा तर वाटेत हवेच्या फिल्टरचा डबा होता. डबा उघडला आणि मी चाट पडले. फिल्टर दिसेचना. दिसली ती खोळ. उशीला घालतो तशी, पांढऱ्या हातमागाच्या कापडाची, तीन बाजूंनी टीप मारलेली आणि चौथ्या बाजूला नाड्या. नाड्यांची छान फुलगाठ. आईच्या हातची टीप मी कुठेही ओळखते.

‘बाबा, हे काय होय?’

‘खोळ.’

‘थे दिसून राह्यलं मले. इथं कायले?’

‘अवं, धान चुरायच्या दिवसांत रस्त्यानं किती फुफाटा असते. या फिल्टरात आहे काय? कागद. कागदानं धूळ थांबते का? आपलं कापड लावलं. दरसाल नवीन लावतो.’

‘धुऊन लावता?’

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कापडवाल्याच्या घरची नाहीच. ‘धुऊन कायले? कोरं लावतो. कोऱ्या कापडात खळ असते. खळीले धूळ चिकटते.’

आमच्याकडे मागावर चढवण्याआधी सुताला भाताच्या पेजेची खळ देतात, म्हणजे धागा ताठ राहतो आणि तुटत नाही. एवढं ज्ञान बाबांनी इंजिनात वापरलं होतं. खोळ फिल्टरच्या दोन्ही बाजूंनी होती, म्हणजे एक बाजू थेट सेन्सरकडे तोंड करून. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त, आणि कापडाचे तंतू व वाळलेल्या पेजेची भुकटी मात्र घरचीच, दरसाल ताजी. सेन्सरचे स्क्रू काढून तो उन्हात धरला. तारेवर पिवळट पापुद्रा भाजून बसला होता. बाबांनी इतकी वर्षं गाडीला भात भरवला होता.

‘हातमागाच्या कापडाचा धागा निघत नसते,’ बाबा म्हणाले.

मी खोळीच्या आतून एक धागा काढून त्यांच्या समोर धरला. त्यांनी चष्मा लावला, अंगठा आणि बोटात धागा पिळून पाहिला. ‘हा आपला नोहे,’ म्हणाले, ‘हा मिलचा दिसते.’

‘मी तं म्हटलं होतं, धुऊन घ्या म्हणून,’ आई ओसरीवरून म्हणाली. असं आई कधी म्हटल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

दुपारच्या जेवणापर्यंत मात्र बाबांनी धागा आपलाच असल्याचं कबूल केलं. मला आश्चर्य वाटलं, कारण आपल्या कापडात खोट आहे असं बाबा विणकराला म्हणतात, स्वतःला कधीच नाही. मग लक्षात आलं. खोट कापडाची असेल तर ती पायाची नसते. बाबांनी सौदा पाहून घेतला होता आणि त्यांना तो परवडत होता. खोळीबद्दल भावाला काही सांगायचं नाही, यावर त्या दिवशी घरात पहिल्यांदा एकमत झालं.

सेन्सर साफ करायचा स्प्रे नागपूरहून मागवला. त्या तारेला हात लावायचा नसतो, कापूस लावायचा नसतो, नुसता फवारा मारून वाळू द्यायचं. हे मी बाबांना समजावत असताना ते खांद्यावरचा पंचा काढून तयार होते. ‘नका पुसू,’ म्हटलं. ‘नरम आहे हा,’ ते म्हणाले. शेवटी पंचा मी माझ्याकडे ठेवून घेतला. साफ केल्यावर आकडा थोडा चढला, दोन दिवस बरा राहिला आणि पुन्हा झोपला. पापुद्रा तारेत मुरला होता. नवीन सेन्सर मागवावा लागला.

नवीन सेन्सर आल्याचं कळल्यावर भावाचा आवाज थोडा उतरला. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला, ‘मी आलो की बाबांना चालवू दे, मी बाजूला बसतो. नीट चालवली तर गाडी राहू दे, मी एक शब्द बोलणार नाही.’ बोलायला हे सोपं होतं आणि गैरही नव्हतं. मलाच त्याचा राग आला, कारण यात वाईट म्हणण्यासारखं काहीच सापडेना.

सेन्सर बसवला, सॉकेट लावलं, फोनवरून जुनी तक्रार पुसून टाकली. मी एक चक्कर मारून आले. आकडा पायाबरोबर चढत होता, पायाबरोबर उतरत होता. गाडी तुपासारखी. बाबा दारात उभे होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसगावला सूत द्यायचं होतं. मागच्या सीटवर सुताची बंडलं, मी बाजूला, स्टिअरिंगवर बाबा. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. आईने डबा दिला, जसं काही आम्ही मुक्कामाला निघालो होतो.

गल्लीतून निघतानाच पहिला धक्का बसला. ‘नवीन आहे ना,’ मी म्हटलं, ‘रुळाले वेळ लागते.’ सेन्सर रुळत वगैरे नसतो. चौकातल्या वळणावर गाडी बंद पडली. ‘थंडी बहुत आहे,’ मी म्हटलं. बाबांनी पुन्हा चावी फिरवली. सरळ रस्त्याला गाडी सुसाट होती, तिसऱ्या-चौथ्या गिअरवर तिला काही म्हणायची सोय नव्हती. वाटलं, निभेल. भावाला सरळ रस्त्यानेच न्यावं.

मग ती तलावाची पाळ आली. समोरून बैलबंडी येत होती, म्हणून बाबांनी गाडी चढावर थांबवली. बंडी गेली. बाबांनी गिअर टाकला. मी मनात नको म्हणत असताना माझी नजर खाली गेलीच. त्यांचा डावा पाय गुडघ्यातून वाकत नव्हता. क्लचवरून हळूहळू वर यायच्या ऐवजी तो एकदम सुटला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा बाबांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मी काचेतून बाहेर तलावाकडे पाहत राहिले.

‘सॉकेट सैल राह्यलं वाटते,’ मी म्हटलं आणि खाली उतरले. बोनेट उघडलं. सॉकेट पक्कं होतं, मीच बसवलं होतं. तरी ते काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं, पट्ट्या दाबून पाहिल्या, उगाच डब्यावर चापट मारली. तो गॅरेजवाला डोळे मिटून काय ऐकत असेल ते मला तेव्हा कळलं. बोनेटच्या आड उभं राहिलं की निदान समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही.

बोनेट लावलं तर बाबा माझ्या जागेवर बसलेले. स्टिअरिंगची जागा मोकळी.

‘तू चालव,’ ते म्हणाले. ‘पाहू.’

मी बसले. सीट पुढे ओढली, आरसा उगाच हलवला. गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

‘पाहा,’ मी म्हटलं, ‘माह्याजवळही तसंच करून राह्यली. गाडीतच आहे काहीतरी.’

बाबा समोर पाहत होते. मी पुन्हा चालू केली, पुन्हा सोडला. मागच्या सुताची बंडलं घसरून खाली पडली. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. विणकराच्या घरी ठाण उलगडताना खोट दिसली की ते आवाज चढवत नाहीत, नुसतं तिथे बोट ठेवतात. तसाच तो हात होता.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘आता बराबर चालव.’

मी बरोबर चालवली. गाडी पाळीचा चढ असा चढली की जणू तिथे चढ नव्हताच. उतारावर बाबा सांगू लागले, पुढे उजवीकडे घे, पहिलं घर त्या म्हाताऱ्या विणकराचं, त्याला बारीक सूत द्यायचं आणि चहाला नाही म्हणायचं नाही, तो मनाला लावून घेतो. मी हो हो करत होते. आसगाव येईपर्यंत गाडी एकदाही अडली नाही, आणि ती बिघडलेली असताना मला तिचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा तेव्हा आला.